मराठी मेनू एका ब्राउझरमध्ये नीट, दुसऱ्यात विस्कटलेला : या चुका टाळा

गिरगावातील एका वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करताना मेनूतील ‘संपर्क’ हा शेवटचा दुवा माझ्या मॅकवरील सफारीत पहिल्याच ओळीत बसत असे, वाचनालयातील विंडोजच्या क्रोममध्ये मात्र तो खाली उतरत असे. मी घाईने क्रोमपुरता वेगळा नियम लिहिला आणि चूक झाली ती तेथेच, कारण दोष ब्राउझरचा नव्हता, फॉन्टचा होता.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, फॉन्टचे नाव न देता केवळ ‘सॅन्स-सेरिफ’ हा सर्वसाधारण प्रकार लिहिला, की देवनागरीसाठी प्रत्येक यंत्रणा आपल्याकडचा फॉन्ट उचलते : विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी. यांतील अक्षरांची रुंदी वेगळी असतेच, शिवाय ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) दिलेली नसेल तर ओळीची उंचीही फॉन्टच ठरवतो. म्हणून मुंबईच्याच ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट वेबफॉन्ट म्हणून, म्हणजे पानाबरोबरच उतरणारा, जोडावा आणि लाइन-हाइट 1.6 च्या आसपास स्वतः लिहावी. मेनूच्या पट्टीला ठरावीक ‘हाइट’ (उंची) देऊन ‘ओव्हरफ्लो : हिडन’, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम, लावणे मला सर्वांत घातक वाटते, त्यात वरची मात्रा आणि रफार छाटले जातात व ‘कार्यक्रम’ हा शब्द चुकीचा दिसू लागतो. ‘मिन-हाइट’ (किमान उंची) आणि पॅडिंग (आतली मोकळी जागा) यांनी तेच काम सुरक्षितपणे होते.

मेनू ज्या यादीत लिहितात तिचे ब्राउझरने दिलेले डावीकडील मूळचे 40 पिक्सेल पॅडिंग आणि ‘बॉडी’चा, म्हणजे पूर्ण पानाचा, 8 पिक्सेलचा मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) आरंभीच शून्य करावा, तसेच पॅडिंग आणि कडा रुंदीतच मोजणारे ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’ सर्वत्र लावावे. मेनू उघडणारे बटन आजूबाजूचा फॉन्ट आपोआप घेत नाही. त्याला ‘फॉन्ट : इनहेरिट’ (बाहेरचाच फॉन्ट घे) असे सांगावे लागते.

दुव्यांमधील अंतरासाठी फ्लेक्सबॉक्स या घटक ओळीत मांडणाऱ्या पद्धतीतील ‘गॅप’ सोयीचा असला, तरी सफारीत तो 2021 मधील 14.1 या आवृत्तीपासूनच चालतो, आणि त्याआधीची सफारी असलेल्या आयफोनवर सगळे दुवे एकमेकांना चिकटतात. येथे एखादा नियम ब्राउझरला कळतो का, हे विचारणारी सीएसएसमधील ‘सपोर्ट्‌स’ची चाचणीही फसवते, कारण त्या जुन्या सफारीला ग्रिड या दुसऱ्या मांडणीतील गॅप ठाऊक असल्याने ती होकारच देते. जुने फोन वापरणारे वाचक असतील, तर साधा मार्जिन द्यावा. भारतात आयफोनवरील क्रोमही सफारीच्याच वेबकिट इंजिनावर (पान रेखाटणाऱ्या गाभ्यावर) चालतो, त्यामुळे तेथे क्रोममध्ये पाहिले म्हणजे क्रोमची तपासणी झाली, असे समजू नये.

पान सरकवताना ‘स्टिकी’ पट्टी वर चिकटून राहत नसेल, तर तिच्या बाहेरच्या एखाद्या घटकावर ‘ओव्हरफ्लो : हिडन’ आहे का, ते आधी पाहावे.