टेस्टरने आठवड्याला एक अपघात वाचावा

'टेस्टरसाठी दहा टिप्स' छापाचे लेख मी वाचणं सोडलंय. सातव्या टिपेपर्यंत पहिली विसरलेली असते. त्याऐवजी शुक्रवारी दुपारी, रिलीज डोक्यावर नसेल तर, एकच अहवाल उघडते: कुणाचं तरी सॉफ्टवेअर कसं कोसळलं याचा. बातमी नको, मूळ अहवालच. बातमीत नुकसानीचा आकडा असतो, कारण दोन ओळींत उरकलेलं असतं.

सुरुवात एरियान ५ पासून करा. ४ जून १९९६ ला हे रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. काय घडलं एवढंच वाचून थांबा आणि आपण काय तपासलं असतं ते कागदावर लिहा. मग पुढे वाचा. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला गेला, हे बरेच जण ओळखतात. पण तो कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता, आणि नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचा डेटा देऊन ती यंत्रणा जमिनीवर कधी तपासलीच नव्हती, हे आपल्या कागदावर सहसा नसतं. ही तफावत म्हणजेच त्या आठवड्याचा अभ्यास.

माझा आवडता अहवाल गिटलॅबचा (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट), ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेचा. इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, हे सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, पण त्याचा बॅकअप घेणारं टूल ९.२ चं चालत होतं, म्हणून बॅकअप फेल होत होता. फेल झाल्याच्या मेलही निघत होत्या, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याची आहे का, हे तपासायची पद्धत) अडचणीमुळे समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी कामाला आली ती स्टेजिंगच्या (रिलीजआधी चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हरच्या) कामासाठी कुणीतरी हाताने काढलेली, सहा तास जुनी प्रत.

आता हे आपल्या प्रॉडक्टवर आणा. अहवालागणिक एकच टेस्ट, जास्त लिहिल्या तर एकही होत नाही. गिटलॅबवरून मी घेतलेली: बॅकअप जॉब मुद्दाम पाडायचा आणि ज्याला मेल यायला हवी त्याच्या डेस्कपाशी जाऊन 'आली का?' विचारायचं. डेव्हऑप्सवाले (सर्व्हर आणि बॅकअप सांभाळणारे) वैतागतात, वैतागू देत.

थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनवरचा लेव्हसन आणि टर्नर यांचा १९९३ चा लेख मोठा आहे, त्याला दोन शुक्रवार द्या. त्यातला एक बग सावकाश टाइप करणाऱ्याला दिसतच नसे. मशीनचे चुंबक जागेवर यायला आठेक सेकंद लागत, तेवढ्यात सरावलेल्या ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद दुरुस्त केली तर ती दुरुस्ती मशीनपर्यंत नीट पोहोचत नसे. यावरची टेस्ट सोपी आहे: बॅक ऑफिसमधल्या सगळ्यात भरभर टॅब मारणाऱ्या माणसाला तुमचा फॉर्म भरायला द्या आणि शेजारी बसून नुसतं बघा.