एमजीबीत व्ही-८ इंजिन बसवायचं तर कामं या क्रमाने घ्या

इंजिन बदलायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. माझ्या एमजीबीत ते जागेवर बसायला दोन रविवार पुरले. ते पेलेल अशी बॉडी तयार करण्यात मात्र सव्वा वर्ष गेलं. म्हणून या लेखात पत्र्याबद्दल जास्त आणि हॉर्सपॉवरबद्दल कमी वाचायला मिळेल.

एमजीबी ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. मूळ इंजिन १७९८ सीसीचं, बिडाचं, चार सिलिंडरचं. त्यात रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ (इंग्रजी V च्या आकारात चार-चार अशा दोन रांगांत आठ सिलिंडर) घालणं ही कुणा हौशी माणसाची मनमानी नाही. १९७३ ते १९७६ मध्ये एमजी कंपनीनेच अशा २,५९१ जीटी (पक्क्या टपाच्या एमजीबी) बनवल्या. हे इंजिन मुळात अमेरिकेच्या ब्यूइकचं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची, त्यामुळे सिलिंडर दुप्पट असूनही वजन जुन्या इंजिनाच्या आसपासच राहतं आणि गाडीचं नाक जड होत नाही.

गाडी निवडताना

काळ्या रबरी बंपरची गाडी घ्या. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी हे बंपर आले आणि शौकिनांनी नाकं मुरडली. पण त्या वेळेपासून सगळ्याच गाड्यांच्या इंजिन बेचा (बॉनेटखाली इंजिन बसतं त्या खणाचा) पत्रा व्ही-८ ला जागा होईल असा केला गेला. १९७७ च्या मॉडेलपासून रेडिएटरही पुढे सरकला आणि विजेचे पंखे आले. म्हणजे निम्मी कापाकापी वाचते. क्रोम बंपरची, मूळ इंजिनासह धड असलेली गाडी मिळाली, तर ती तशीच राखावी असं माझं ठाम मत आहे.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबक चिकटला नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. दरवाजाखालचा भाग, पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा आणि मागच्या स्प्रिंगा जिथे अडकतात ती जागा आधी टोचून पाहा.

खोलताना

प्रत्येक बोल्ट सुटण्याआधी फोटो काढा. प्रत्येक असेंब्लीची वेगळी पिशवी, तिच्यावर चिठ्ठी. वायरींना दोन्ही टोकांना लेबल लावा. जुन्या ब्रेकची आणि क्लचची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या (गाडी पेलणारे पक्के स्टँड) लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

सिल: इथे घाई नको

एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. उघड्या टपाच्या गाडीत तर पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं बरंचसं काम दरवाजांखालच्या सिल करतात. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचं कवच, मधला उभा पत्रा आणि खाली किल्ल्याच्या तटासारखी खाचांची पट्टी, असे थर असतात. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलमागे मधला पत्रा पार भुगा झालेला असू शकतो. माझ्या गाडीत कवच कापल्यावर आतून पसाभर तांबडी माती पडली.

कापण्याआधी दरवाजे लावूनच ठेवा. दरवाजा आणि बॉडी यांच्यातली फट वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि आकडे खडूने पत्र्यावरच लिहून टाका. मग चौकोनी पाइपचा आडवा आधार पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत पक्का जोडा. वजन सस्पेन्शनच्या जागीच टेकलेलं हवं, मधोमध नाही. एका वेळी एकच बाजू कापायची. नवा पत्रा आधी टाक्यांवर (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर) धरायचा, दरवाजा उघडून बंद करून पाहायचा, फट पुन्हा मोजायची आणि मगच पूर्ण वेल्डिंग. तेही थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. वरची फट खालच्यापेक्षा अरुंद व्हायला लागली, की गाडी मध्ये बसते आहे असं समजा. त्या क्षणी थांबा, टाके तोडा, आधार दुरुस्त करा. पूर्ण वेल्डिंगनंतर हे सुधारणं फार महागात जातं.

आधी कोरडं इंजिन बसवून पाहा

रंगाच्या आधी रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्स चेन कप्पीने उतरवून माउंटिंगवर ठेवा. रोव्हरच्याच एसडी-१ या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स या इंजिनाला जातीचाच, पण टनेल (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) थोडं ठोकावं लागतं आणि मागचा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) वेगळा लागतो. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यात बोट जातं का ते पाहा. गाडी चालताना इंजिन हलतं, त्यामुळे नुसती कागदाएवढी फट चालणार नाही.

बॉनेटचं अंतर मोजायला एअर फिल्टरवर पेरूएवढा प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, बॉनेट हलकेच बंद करा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. एसडी-१ चं कार्ब्युरेटर-मॅनिफोल्ड इथे उंच पडतं. कारखान्याने त्यासाठी दोन्ही कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले होते.

मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्ट किती फेऱ्या घेतो तो आकडा, मूळचा ३.९. तो तसाच ठेवला तर इंजिन हायवेवर उगाच ओरडत राहतं. कारखान्याच्या व्ही-८ गाडीत ३.०७ होता, तोच शोधा. स्पीडोमीटर त्याप्रमाणे जुळवून घ्या. ब्रेक याच टप्प्यात करा: जाड डिस्क, मोठे कॅलिपर, सगळे नवे होज. मूळच्या सुमारे ९५ हॉर्सपॉवरवरून आपण १३७ च्या घरात जातो आहोत, त्यामुळे ब्रेकवर काटकसर मला मान्य नाही.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट: १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. अशा गाडीत आधुनिक अल्टरनेटर लावण्याआधी अर्थिंग बदला, नाहीतर तो पहिल्याच जोडणीत जळेल.

पहिला स्टार्ट

या इंजिनाचा ऑइल पंप कोरडा असला तर तेल ओढत नाही. जोडतानाच त्याच्या गिअरमध्ये व्हॅसलिन भरा. मग डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून योग्य दांडा घाला आणि ड्रिलने पंप फिरवा, डिस्ट्रिब्युटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला. सुरुवातीला ड्रिल मोकळं फिरतं. मग एकाएकी ते हातात जड होतं, आवाज खाली येतो आणि प्रेशरचा काटा उठतो. तो काटा उठल्याशिवाय प्लगला वायर लावू नका.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन चालू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा, आयडलिंगला सोडू नका. म्हणूनच टायमिंग आधी नीट लावलेलं हवं, चालू-बंद करत शोधायचं नाही. तेल जुन्या इंजिनांसाठीचं, झिंक जास्त असलेलं. एक माणूस अग्निशामक घेऊन बाजूला उभा, दुसऱ्याची नजर पाण्याच्या आणि तेलाच्या काट्यावर.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये इंजिन नंबर आणि सीसी बदलल्याचं डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवावं लागतं, विमा कंपनीलाही. सांगाड्याचा पत्रा कापणार असाल तर त्यांचे सध्याचे नियम कटर हातात घेण्याआधी वाचा.

भारतात हिशेब वेगळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर कडक बंधनं घालतं, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षांहून जुनी गाडी चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असावी लागते. पुण्या-मुंबईत कुणाच्या शेडमध्ये एमजी उभी असेल, तर तिथे मूळ इंजिनच दुरुस्त करणं शहाणपणाचं.

पहिल्या पाचशे मैलांनंतर तेल आणि फिल्टर बदला, माउंटिंगचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. आणि दरवाज्याची फट एकदा मोजा, पत्र्यावर लिहिलेले आकडे रंगाखाली जाण्याआधी वहीत उतरवलेले असतील तर.