रस्त्याची स्पीड लिमिट कशी ठरते आणि आपल्या रस्त्याची आपण कशी तपासायची

बऱ्याच जणांना वाटतं की रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे म्हणजे लिमिट जास्तच पाहिजे, आणि बोर्डावर ४० लिहिलेलं असेल तर ते कोणीतरी ऑफिसात बसून उगाच टाकलंय. पण लिमिट ठरवताना रुंदीचा नंबर बराच नंतर लागतो. आधी बघायचं असतं की या रस्त्यावर कोण कोण असतं आणि धडक झालीच तर कोणाची कोणाशी होईल. इथे चुकलं की पुढचं गणित कितीही बरोबर असलं तरी उपयोग नाही.

म्हणून सुरुवात इथूनच करा. पायी चालणारे, सायकलवाले, शाळेची मुलं गाड्यांमधेच मिसळत असतील तर ३० धरायचे, कारण चालत्या माणसाला ३० च्या पुढच्या वेगाने धडक बसली की जीव जायचा धोका झपाट्याने वाढत जातो. पायी माणसं वेगळी आहेत पण चौकात आडवी गाडी येऊन दरवाज्यावर आदळू शकते, तिथे ५०. दुभाजक नाही, समोरासमोर टक्कर होऊ शकते, तिथे ७०. शंभर किंवा जास्त फक्त तिथेच जिथे दुभाजक आहे, आडवे रस्ते नाहीत आणि माणसं रस्त्यावर येत नाहीत. स्वीडनच्या संसदेने १९९७ मधे व्हिजन झिरो, म्हणजे रस्त्यावर कोणाचा जीव जाऊ नये की कोणी गंभीर जखमी होऊ नये, हे धोरण स्वीकारलं, हे आकडे त्याच विचारातले आहेत. माणसाचं शरीर किती मार सोसू शकतं तिथून सुरुवात करायची आणि मग रस्त्याकडे यायचं. मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

आता थांबायला लागणारं अंतर. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा आणि कोरडा रस्ता, चांगले टायर धरा. ३० ला गाडी साधारण १७ ते १८ मीटरमधे उभी राहते, ५० ला ३५ मीटर आणि १०० ला जवळजवळ ९७ मीटर लागतात. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. आणि हे नीट वाचा, ५० वाली गाडी त्या दीड सेकंदातच २१ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे ३० वाली गाडी जिथे पूर्ण थांबली त्या जागी ५० वाल्याने अजून ब्रेकसुद्धा दाबलेला नसतो, समोर एखादं मूल आलेलं असेल तर तो त्याला पूर्ण ५० च्या वेगानेच धडकणार. "वीसनेच तर जास्त आहे" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

मग रस्त्यावर जाऊन ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.२ मीटरवरून, पुढे किती दिसतं ते मोजा. वळणावर झाडी असेल, चढाच्या माथ्यापलीकडचं दिसत नसेल आणि जेमतेम ३५ मीटर नजर पोचत असेल तर तिथे ५० च्या वर जायचा प्रश्नच नाही, उतार असेल तर त्याहून कमी.

वळणाला वेगळा हिशोब आहे. त्रिज्या मीटरमधे घ्या, तिला १२७ ने गुणा, मग रस्ता बाहेरच्या बाजूने किती उचललाय आणि टायरची आडवी पकड किती धरायची यांच्या बेरजेने गुणा आणि वर्गमूळ काढा. १०० मीटर त्रिज्या, ०.०७ उचल (म्हणजे रुंदीच्या दर मीटरला ७ सेंमी), ०.१५ पकड धरली तर उत्तर येतं साधारण ५३, म्हणून बोर्ड ५० चा. पावसात पकड कमी होते म्हणून काही देशांत लिमिटच खाली येते, फ्रान्समधे मोटरवेवर कोरड्यात १३० आणि पावसात ११०.

लोक प्रत्यक्षात किती वेगाने जातात हेही बघतात. स्पीडगन नसली तरी चालेल, सुरक्षित जागी उभं राहून ५० मीटर अंतरावरच्या दोन खुणा ठरवा, गाडी पहिली ओलांडताना स्टॉपवॉच चालू आणि दुसरीला बंद, मग १८० ला सेकंदांनी भागा की ताशी किमी मिळाले. ६ सेकंद म्हणजे ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. गर्दी नसताना, पुढे मोकळा रस्ता असलेल्या १०० गाड्या मोजा, वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा बघा. बऱ्याच ठिकाणी या ८५ व्या आकड्याच्या जवळच लिमिट ठेवायची पद्धत होती. माझं मत विचाराल तर वस्तीत हा आकडा लिमिट ठरवायला अजिबात वापरू नये, कारण सगळेच सुसाट जात असतील तर लिमिटही वर जाते आणि चालणाऱ्याला कोणी विचारतच नाही. रस्ता ड्रायव्हरला काय सांगतोय ते कळण्यापुरता तो उपयोगी आहे.

वाहनांना वेगळी लिमिट का, तर वजन, ब्रेक आणि तोल. भरलेला ट्रक कारइतक्या जोरात थांबत नाही, ८० ला नुसत्या ब्रेकच्या अंतरातच १४-१५ मीटरचा फरक सहज पडतो, लांब उतारावर ब्रेक तापून पकड सोडतात, टँकर अर्धा भरलेला असला की आतलं द्रव हेलकावे खातं आणि वळणावर कलंडायची भीती. बसमधे उभे प्रवासी असतात. तीनचाकी वळणावर लवकर उलटते, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर मागून ढकलते, दुचाकीवाल्याभोवती तर पत्राच नाही. युरोपियन युनियनमधे ३.५ टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांना ९० वर आणि बसना १०० वर वेग अडवणारं उपकरण बसवावं लागतं. पण एक सांभाळा, दुपदरी रस्त्यावर कार आणि ट्रकच्या लिमिटमधे फार फरक ठेवला तर मागचे लोक समोरून गाडी येत असतानाही ओव्हरटेक करायला जातात, तिथे दोघांची लिमिट जवळजवळ ठेवलेली बरी.

चालवणाऱ्यासाठी नियम सोपा, रस्त्याची लिमिट आणि तुमच्या वाहनप्रकाराची लिमिट यातली जी कमी ती तुमची. बोर्डावर १०० असलं आणि तुमच्या गाडीला ८० असेल तर ८०.

बोर्ड लावताना १०० वरून एकदम ४० नको, मधे टप्पे द्या, आणि प्रत्येक चौकानंतर बोर्ड परत लावा कारण बाजूच्या रस्त्याने आलेल्याला आधीचा दिसलेलाच नसतो. मग काही महिन्यांनी तेच ५० मीटर परत मोजा. आकडा खाली आला नसेल तर नुसत्या बोर्डाने तिथे भागत नाही, लेन अरुंद करा, पायी क्रॉसिंग रस्त्यापेक्षा थोडं उंच करा, वस्तीच्या तोंडाशी रस्ता थोडा वळवा आणि पुन्हा मोजा.