प्रकाशमान जिवाणू घरी वाढवण्यापूर्वीची तयारी

गेल्या एप्रिलमध्ये मी अलिव्हिब्रियो फिशरी हा समुद्री जिवाणू घरी वाढवून पाहिला. माध्यम, म्हणजे जिवाणूंचे खाद्य, नीट जमले होते, बशांवर (पेट्री डिशमध्ये) वाढही आली, परंतु तीन रात्री अंधारात बसूनही उजेडाचा एक ठिपका दिसला नाही. खोलीचे तापमान दुपारी ३२ अंशांवर जात होते आणि थंडाव्याची कोणतीही सोय मी केली नव्हती. म्हणून ही तयारी थंड जागेपासून सुरू करावी. बाकी सर्व नंतर.

या जिवाणूला २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. फ्रीजमध्ये त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि तिशीच्या पुढे त्याचा उजेड मंदावतो, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीही चालत नाही आणि फ्रीजही चालत नाही. झाकणाचा थर्माकोलचा डबा, पाणी भरून गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या आणि आत ठेवायचा थर्मामीटर एवढे पुरते. बाटली बशांना टेकू देऊ नये, मध्ये जाड फडके घालावे. रिकामा डबा दोन दिवस चालवून सकाळ, दुपार आणि रात्रीचे तापमान लिहून काढावे. बाटली किती तासांनी बदलावी लागते ते त्यातूनच कळते. ही नोंद हातात येईपर्यंत जिवाणू मागवू नयेत.

जिवाणू शुद्ध संवर्धन, म्हणजे एकाच जातीची वाढ, म्हणूनच मिळवावेत. बाजारातील माकुल किंवा मासा मिठाच्या पाण्यात ठेवून चमकणारे ठिपके उचलण्याची पद्धत जुनी आहे, पण माशावर व्हिब्रियो गटातील रोगकारक जिवाणूही असू शकतात आणि ते घरात वाढवणे धोक्याचे आहे. हातावर जखम असेल तर काम पुढे ढकलावे.

अर्धा लिटर माध्यमासाठी आयोडीनविरहित मीठ १५ ग्रॅम, पेप्टोन (प्रथिनांपासून बनवलेले जिवाणूंचे खाद्य) अडीच ग्रॅम, यीस्टचा अर्क दीड ग्रॅम, ग्लिसरीन दीड मिलिलिटर आणि माध्यम घट्ट करणारे अगर साडेसात ग्रॅम घ्यावे. मिठात काटकसर करू नये, कारण समुद्राइतका खारेपणा नसेल तर या पेशी तग धरत नाहीत. वाढीबरोबर आम्ल साचते आणि उजेड घटतो, म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची अर्धा ग्रॅम भुकटी मिसळावी. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर २० मिनिटे निर्जंतुक करावे. भांडी स्वयंपाकाची नसावीत, एवढे सांगणे पुरे.

स्पिरिटचा दिवा, जिवाणू उचलण्यासाठी तारेचा लूप, हातमोजे आणि पेट्री डिश आधीच मांडून ठेवावेत. जिवाणू लावण्यापूर्वी डब्यातील थर्मामीटर पुन्हा पाहावा. आकडा २५ च्या वर असेल तर थांबावे; माझी घाई इथेच नडली.

बशा चिकटपट्टीने हवाबंद करू नयेत. प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू लागतो, तो तुटला की उजेड जातो. तसेच पेशींची दाटी झाल्याशिवाय हा जिवाणू उजळत नाही. केनेथ निल्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हे याच जिवाणूच्या अभ्यासातून मांडले. त्यामुळे पहिल्या काही तासांत अंधार दिसला तर बशा टाकून देऊ नयेत. तापमान मात्र तेव्हाही तपासावे, रात्री झोपण्यापूर्वीही तपासावे आणि बाटली बदलावी.

साधारण एका दिवसानंतर पाहावे. खोली पूर्ण काळोखी हवी, फोन बंद हवा, आणि डोळे सरावण्यासाठी १० ते १५ मिनिटे द्यावीत. उजेड निळसर हिरवा असतो; छायाचित्रासाठी तिपाई लागते. दोन-तीन दिवसांत तो ओसरतो, तेव्हा ताज्या बशीवर पुन्हा लावावे.

शेवटी ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेऊन बशा रात्रभर त्यात बुडवाव्यात आणि मगच टाकाव्यात.