कपाशीच्या हंगामात दिवसाची आखणी कशी करावी

दिवसातले सर्वांत मोठे काम पहाटेच उरकावे, असे जो तो सांगतो. कापूसपट्ट्यात नोव्हेंबरात हा सल्ला नुकसानच करतो.

आखणी आदल्या रात्री वहीत करावी आणि सुरुवात आपल्या हातात नसलेल्या वेळांपासून करावी. कृषिपंपाची वीज, म्हणजे लाईन, या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, दव केव्हा उडते, मजूर किती वाजेपर्यंत थांबू शकतात, हे आधी लिहावे. ओलित, ढोरे आणि हिशेब उरलेल्या जागेत बसतात.

खरी कसोटी वेचणीची वेळ ठरवण्यात आहे. मजूर दुसऱ्याच्या वावरात जातील या धास्तीने मी सलग दोन हंगाम बायांना सकाळी सातलाच बोलावले. दवाने भिजलेला कापूस वेचला गेला, मजुरी किलोवर असल्यामुळे पाण्याच्या वजनाचेही पैसे दिले आणि खोलीत रचलेली गंजी आतून गरम होऊन कापूस पिवळा पडला. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतचा ओलावा पूर्ण दराला चालतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. म्हणून उजाडल्यावर स्वतः वावरात जावे, चारपाच ठिकाणची फुटलेली बोंडे मुठीत दाबून पाहावीत आणि तळहाताला ओल लागत असेल तर थांबावे. थंडीत साडेनऊ-दहापर्यंत थांबावे लागते. तेवढा वेळ भरण्यासाठी मजुरांना उगाच दुसरे काम लावू नये. मी आता वेचणी दहालाच सुरू करतो आणि कमी तासांची भरपाई म्हणून किलोमागे एक रुपया जास्त देतो. बायांचा स्वयंपाक आणि मुलांची शाळेची तयारी तोवर आटोपलेली असते, त्यामुळे आता त्या आपणहून माझ्याकडे येतात.

फवारणी मात्र भर दुपारी कधीही मांडू नये. उन्हात मास्क आणि हातमोजे सोसवत नाहीत, माणूस ते काढून ठेवतो आणि औषध थेट अंगावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीही विसरू नये. दव उडाल्यानंतरचा, वारा पडलेला सकाळचा वेळ किंवा उतरते ऊन, एवढेच तास फवारणीसाठी धरावेत.

तालुक्याची सगळी कामे आठवड्यातून एकाच दिवशी करावीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, हे लक्षात ठेवावे.

काट्याची, म्हणजे वेचलेला कापूस मोजण्याची, वेळ बहुतेक जण वहीत लिहीतच नाहीत. दहा-बारा जणींचा कापूस मोजून नोंदवायला पाऊण तास सहज जातो आणि या दिवसांत साडेपाचनंतर अंधारू लागते, म्हणून वेचणी साडेचारला थांबवून प्रत्येकीचे वजन तिच्यासमोर, उजेडातच लिहावे.