अलार्म 'ऑफ' झाला की बाहेर पळायचं: लेस्टरला नव्याने आलेल्यांसाठी

इथे इंग्लंडात, लेस्टर शहरात येऊन चार-सहा महिने झाले की बहुतेक जण मला एकच गोष्ट सांगतात. ऑफिसातली कामं जमतात, ईमेल जमतात, पण शेजारच्या आजी कुंपणापाशी उभं राहून बोलायला लागल्या की निम्मं डोक्यावरून जातं. दोष त्यांच्या उच्चारांना देऊ नका. गेट, पुट, टेक, गो, कीप ही जी क्रियापदं आपण लहानपणी पाठ करून सोडून दिली, त्यांच्यावरच इथलं घरगुती बोलणं चालतं.

आपलं इंग्रजी पुस्तकांतलं. 'पोस्टपोन', 'टॉलरेट' हे लॅटिन घराण्यातले शब्द आपल्याला सोपे वाटतात. इथला माणूस मात्र 'पुट ऑफ' आणि 'पुट अप विथ' म्हणतो. 'गेट' आणि 'टेक' हे शब्द तर नवव्या शतकात इथे वस्ती केलेल्या डेन लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, नॉर्स बोलीतून आलेले. लेस्टर हे त्यांच्या पाच मुख्य ठाण्यांपैकी एक होतं. बेलग्रेव्ह गेट, गॅलोट्री गेट या इथल्या रस्त्यांच्या नावांतलं 'गेट' मात्र ते क्रियापद नव्हे आणि दारही नव्हे, तो नॉर्स भाषेतला रस्ता. इतकी शतकं रोज तोंडात असलेल्या क्रियापदाला फाटे फुटणारच. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या 'सेट'चे ४३० अर्थ होते, आणि पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहिली तेव्हा तिथे ६४५ भरले.

आकडा ऐकून धास्तावू नका. आपण चित्र काढतो, दूध काढतो, कर्ज काढतो, तिकीट काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो, वाईट दिवस काढतो. दात तर डॉक्टरही काढतो आणि शेवटच्या बाकावरचा पोरगाही काढतो. 'काढणे'चे अर्थ कुणी आपल्याला ओळीने शिकवले होते का? शेजारच्या शब्दासकट ते कानावर पडले आणि बसले. इंग्रजी क्रियापदंही तशीच जोडीने उचला. 'पुट' एकटं शिकून काही हाती लागत नाही.

काही जोड्या मात्र पहिल्याच आठवड्यात माहीत हव्यात. सगळ्यात आधी 'गो ऑफ'. आपल्याकडे ऑफ म्हणजे बंद. इथे अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे तो वाजायला लागला. 'अलार्म गेला ऑफ की बाहेर पडा' असं घरमालकाने सांगितलं, तर वाजता क्षणी बाहेर पडायचं, तो थांबायची वाट बघायची नाही. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं. दिवे 'गो ऑफ' झाले तर मात्र खरंच गेले.

दुसरी जोडी मला फार महागात पडली असती. लेक दोन वर्षांची होती, रात्रभर उलट्या चालल्या होत्या. फोनवर नर्सने विचारलं, 'इज शी कीपिंग एनीथिंग डाउन?' मला वाटलं, मुलगी शांत पडून आहे का असं विचारतेय. मी 'येस' म्हणाले. ती म्हणाली, मग थोडं थोडं पाणी पाजत राहा, सकाळी बघू. फोन ठेवता ठेवता मी सहज म्हटलं, पण प्यायलेलं सगळं बाहेर पडतंय हो. ती एकदम गंभीर झाली आणि सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. तासाभरात आम्ही इस्पितळात होतो. ती विचारत होती ते इतकंच, की पोटात काही ठरतंय का? हा प्रश्न आपण मराठीत हजारदा विचारतो.

म्हणून दवाखान्यातली क्रियापदं घरी बसून घोकाच. 'ब्रिंग अप' म्हणजे ओकणं, आणि मूल वाढवणंही. सूज 'गो डाउन' होते म्हणजे उतरते. 'कम आउट इन अ रॅश' म्हणजे अंगावर पुरळ उठणं. तपासणारी बाई 'पॉप युअरसेल्फ अप हिअर' म्हणाली तर इथे चढून बसा, एवढाच अर्थ. आणि 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन २०१२' म्हणू नका, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

नोकरीत 'प्रीपोन' कुणाला कळत नाही. मीटिंग अलीकडे घेतली तर 'ब्रिंग फॉरवर्ड', पुढे ढकलली तर 'पुट बॅक'. तो 'बॅक' आपल्याला हमखास उलटा लागतो, म्हणून तारीख विचारून घ्या. साहेबांनी 'लेट गो' हे शब्द काढले तर ते जायला सुट्टी देत नाहीयेत, नोकरीवरून काढताहेत.

कळलं नाही तर मान डोलावू नका. 'सॉरी, व्हॉट डू यू मीन?' एवढं विचारलंत तर इथे कुणी तुम्हाला कमी लेखत नाही, उलट तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात. आणि आई-बाबांना डॉक्टरकडे न्यायचं असेल तर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मराठी दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. वेळ ठरवतानाच सांगा, आयत्या वेळी मिळणं कठीण.