पंक बँडचा दुसरा अल्बम पितृपक्षात उरकायचा कसा

पहिल्या अल्बमच्या वेळी आमच्याकडे कॉलेजात चार वर्षं वाजवून घासलेली गाणी होती, दुसऱ्याच्या वेळी काय, तर पहिल्यातून उरलेली तीन आणि व्हॉट्सअॅपवर गुणगुणून पाठवलेले दहाबारा तुकडे. तरी आम्ही डेट बुक केली आणि दोन दिवस स्टुडिओत बसून गाणी लिहिली, तासाचे पैसे देऊन. तसं करू नका. रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ ला आला न् दुसरा जानेवारी १९७७ ला, नऊ महिन्यात, कारण गाणी आधीच साठवलेली होती. तर आधी सोळासतरा गाणी पूर्ण करा, मग त्यातली अकरा ठेवा. दोनदोन मिनिटांची असतील तरी वीसबावीस मिनिटं होतात, पंकला तेवढं चालतं. कुठली ठेवायची ते बँडमध्ये भांडून ठरत नाही, कुठल्यातरी कॅफेत नाहीतर मित्राच्या बर्थडेला वाजवून बघा, लोकं कंटाळून कधी मोबाइल काढतात ते बघा.

आता रेकॉर्डिंगची तारीख. नाशिकमध्ये गणपतीच्या आधी महिनाभर ढोल पथकांचा सराव, नंतर लग्नसराईचा डीजे, माइकमध्ये सगळं येतं, आणि नाशिक ढोलपुढे आपला ड्रमर म्हणजे काहीच नाही. म्हणून पितृपक्ष. लग्नं नाहीत, हॉल रिकामे, जागा स्वस्तात मिळते. आजी म्हणेल या दिवसात नवीन काही सुरू करू नये, तिला सांगायचं की नवीन नाही, दुसरा आहे. फक्त सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे पत्र्याचं शेड घेतलंत तर पाऊस ऐकू येणारच, स्लॅबची खोली बघा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका प्लीज. त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, नुसता झांजांचा चरचराट थोडा कमी होतो. घरातल्या गाद्या न् गोधड्या दोरीवर टाका, त्या घुमणं खरंच कमी करतात. शेजाऱ्यांचं म्हणाल तर एकच उपाय, आधी जाऊन सांगून या.

ड्रम, बास आणि एक गिटार एकत्रच वाजवा, एकेकाने वेगवेगळं वाजवलं की पंकचा जीव जातो. क्लिक, म्हणजे हेडफोनमधला टिकटिक ठेका, लावायचा का? आमचा ड्रमर कोरसला पळतो आणि ते पळणंच चांगलं वाटतं, म्हणून आम्ही नाही लावला. ड्रमच्या वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून, म्हणजे मधल्या कडक आवाजाच्या ड्रमपासून, सारख्याच अंतरावर ठेवा, दोरीने मोजा, नाहीतर स्नेअर पातळ होतो. गिटारचा गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, स्टेजवर असतो त्याच्या निम्मा करा आणि तोच पार्ट दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे टाका, कॉपी-पेस्ट केलं तर रुंद वाटत नाही. सगळे अॅम्प आणि इंटरफेस (माइक कंप्युटरला जोडायचा डबा) एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा म्हणजे घूं आवाज कमी होतो, आणि इंटरफेसला यूपीएस हवाच, आमचा सगळ्यात भारी टेक लाइट गेल्यामुळे गेलाय. लेव्हल लालपर्यंत नेऊ नका, चोवीस बिटच्या सेटिंगवर कमी आवाजात घेतलेलं नंतर आरामात वाढवता येतं.

गायकाचा आवाज शेवटी. दिवसाला तीनच गाणी, चौथ्याला घसा बसतो.

शब्दांचं एक बघा. रामोन्सच्याच दुसऱ्या अल्बममध्ये डाग काढायच्या लिक्विडचं ट्रेडमार्क नाव एका गाण्यात होतं, म्हणून ते गाणं पुढच्या प्रतींमधून काढावं लागलं. तुम्ही कॉलेजरोडच्या कुठल्या बिल्डरला शिव्या घातल्या असतील तर नाव बदला, शिव्या राहू द्या.

मिक्स आठवडाभर न ऐकता ठेवा, मग रिक्षाच्या स्पीकरवर लावायला सांगा, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये शब्द कळले तर मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवायला, पाठवा, आणि ते मात्र बँडबाहेरच्या माणसाकडून करून घ्या.